श्वसनसंस्था : रचना, क्रिया व श्वासगणनेचे चिकित्सेतील स्थान

विषयप्रवेश

नाडी पाहण्यासाठी रुग्णाचा हात हाती घ्यावा लागतो, ज्वर मोजण्यास तापमापक लागतो, रक्तदाबास यंत्र लागते. श्वास मात्र केवळ डोळ्यांनी दिसतो. असे असूनही आपल्या रुग्णपत्रिकांमध्ये सर्वांत कमी काळजीने भरला जाणारा रकाना श्वासगतीचाच असतो. पुष्कळदा तो रिकामा राहतो, अथवा न मोजताच तेथे ‘१८’ हा आकडा लिहिला जातो. श्वसनसंस्थेचे शारीर आणि तिची क्रिया यांची उजळणी करीत असता या एका लक्षणाचे मोल वैद्यवर्गासमोर व औषधविक्रेत्यांसमोर मांडावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय ग्रामीण व्यवसायात किती निकडीचा आहे, हे आपल्याच भागाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. आंबेगाव तालुक्यातील शिनोली हे घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या मार्गावरील गाव. त्याच्या पुढे डिंभे धरणाचा जलाशय लागतो आणि पश्चिमेच्या डोंगरउतारांवर महादेव कोळी समाजाची गावे व वाड्या पसरलेल्या आहेत. तेथील धापेच्या रुग्णास प्रथम जवळच्या वैद्याकडे किंवा औषधांच्या दुकानात आणले जाते. त्यानंतर घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय, मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आणि आवश्यकता भासल्यास पुणे, असा त्याचा प्रवास होतो. यातील पहिल्या ठिकाणी व्याधीचे गांभीर्य ओळखले गेले, तर पुढचे कित्येक तास वाचतात. ते ओळखण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे मिनिटभर लक्षपूर्वक पाहिलेला श्वास.

एक खुलासा आरंभीच करणे इष्ट आहे. मराठीत ‘ऑक्सिजन’ला ‘प्राणवायू’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु आयुर्वेदात प्राण हा वाताच्या पाच प्रकारांपैकी एक होय. दोहोंची गल्लत होऊ नये म्हणून येथे ‘ऑक्सिजन’ हाच शब्द योजिला आहे.

शास्त्रकारांचा दृष्टिकोन

चरकाचार्यांनी विमानस्थानात प्राणवह स्रोतसाचे मूल हृदय व महास्रोतस असे सांगितले आहे, तर सुश्रुताचार्यांनी हृदय व रसवाहिनी धमन्या असे म्हटले आहे. दोन्ही मतांत हृदयाचा उल्लेख समान आहे. आजच्या क्रियाशारीराच्या दृष्टीनेही फुप्फुस व हृदय यांचे कार्य अलग करता येत नाही. फुप्फुसातील वायूची देवाणघेवाण रक्तावाचून निरर्थक ठरते.

फुप्फुसाची उत्पत्ती सुश्रुतांनी रक्ताच्या फेनापासून मानली आहे. हलके, सच्छिद्र आणि रक्ताने भरलेले हे अवयव प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीला ही उपमा सुचणे स्वाभाविक आहे. मात्र त्यांनी हृदयाच्या खाली डाव्या बाजूस प्लीहा व फुप्फुस, उजव्या बाजूस यकृत व क्लोम अशी मांडणी केली असल्याने ‘क्लोम’ म्हणजे काय, हा वाद आजही मिटलेला नाही. कोणी त्यास उजवे फुप्फुस मानतात, कोणी अग्न्याशय, कोणी पित्ताशय, तर कोणी श्वासनलिका. विद्यार्थ्यांना शिकविताना हा वाद वाद म्हणूनच सांगावा. दोन्ही फुप्फुसे छातीत दोन बाजूंस असतात, हे प्रत्यक्ष प्रमाण आहे.

शार्ङ्गधराचार्यांनी श्वसनक्रियेचे जे वर्णन केले आहे, ते संहिताग्रंथांत विशेष मोलाचे आहे. नाभिस्थ प्राणपवन हृदयकमळास स्पर्श करून कंठावाटे बाहेर जातो, बाह्य आकाशातील अमृततत्त्व ग्रहण करून त्वरेने परत येतो आणि सर्व देहाचे व जठराग्नीचे पोषण करतो, असा त्याचा आशय आहे. बाहेरून काही जीवनदायी द्रव्य आत येते, ते सर्व शरीरात पोहोचते आणि अग्नीस उपकारक ठरते, हा विचार त्यात स्पष्ट आहे. यावरून त्यांना ऑक्सिजन ज्ञात होता असा निष्कर्ष काढणे उचित नव्हे. निरीक्षणाचे श्रेय त्यांना अवश्य द्यावे, शोधाचे श्रेय मात्र ज्याचे त्याला द्यावे.

प्राणवह स्रोतोदुष्टीची लक्षणे सांगताना चरकाचार्यांनी जे वेचक शब्द योजिले आहेत, ते आपल्या विषयाचे सार होत. श्वास अतिसृष्ट आहे की अतिबद्ध, अल्प अल्प आहे की वारंवार, सशब्द आहे की सशूल, हे पाहण्यास त्यांनी सांगितले. म्हणजेच श्वासाची गती, खोली, ध्वनी आणि वेदना या चारही गोष्टींची परीक्षा त्यात अंतर्भूत आहे.

रचनाशारीर

श्वसनमार्गाचे ऊर्ध्व व अधो असे दोन भाग करता येतात. नासिका, ग्रसनी व स्वरयंत्र यांचा समावेश बहुधा ऊर्ध्व भागात केला जातो. नासिकेतील शुक्तिकास्थींवर पसरलेली रक्तबहुल श्लेष्मल त्वचा आत येणारी हवा उबदार व दमट करते आणि धूलिकण अडविते. नाक चोंदून मुखाने श्वास घेणाऱ्या रुग्णाच्या घशास कोरड का पडते, याचे उत्तर येथे आहे.

स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिका सुरू होते. तिची लांबी प्रौढात सुमारे १० ते १२ सेंटिमीटर असते. १६ ते २० अर्धवर्तुळाकार कूर्चा तिला सतत उघडी ठेवतात. या कूर्चांची मागील बाजू मोकळी असते, कारण तेथे अन्ननलिका टेकलेली असते व घास उतरताना तिला फुगण्यास जागा लागते. श्वासनलिकेच्या दोन मुख्य शाखांपैकी उजवी शाखा अधिक रुंद, आखूड व सरळ उतरणारी असते. त्यामुळे खेळताना किंवा खाताना लहान मुलाच्या श्वासमार्गात गेलेला शेंगदाणा, चिंचोका अथवा सीताफळाची बी बहुधा उजवीकडे अडकते. सर्दीताप नसता अकस्मात सुरू झालेला खोकला आणि एकाच बाजूस मंदावलेला श्वासध्वनी आढळल्यास ही शक्यता प्रथम लक्षात घ्यावी.

उजव्या फुप्फुसाचे तीन व डाव्याचे दोन खंड असतात. श्वासनलिकेच्या शाखा-उपशाखा सुमारे २३ वेळा विभागत जाऊन वायुकोषांपर्यंत पोहोचतात. वायुकोषांची संख्या ३० कोटी वा त्याहून अधिक असून त्यांचे एकूण पृष्ठफळ सुमारे ७० चौरस मीटर भरते. वायुकोषातील हवा आणि केशवाहिनीतील रक्त यांमधील पडदा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. याच पडद्यातून ऑक्सिजन रक्तात जातो व कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. फुप्फुसपाकात वायुकोष स्रावाने भरतात व हा मार्ग जागोजागी बंद होतो.

श्वासमार्गाच्या आतील अस्तरावर सूक्ष्म केसल असतात. त्यांच्या एकदिश हालचालीमुळे कफाचा पातळ थर धूळ व जंतूंसह सतत घशाकडे सरकत राहतो. प्राकृत कफ हे शरीराचे संरक्षण आहे, हा आपला सिद्धांत येथे अक्षरशः प्रत्ययास येतो. धुराने केसलांची हालचाल मंदावते. मग साचलेला कफ बाहेर टाकण्यास खोकला हाच एक उपाय उरतो. अशा रुग्णाचा खोकला केवळ दाबून टाकणे हितावह ठरत नाही.

क्रियाशारीर

श्वास आत घेणे ही सक्रिय क्रिया आहे. मध्यपटल आकुंचन पावून खाली सरकते, फासळ्या वर व बाहेर येतात, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत ओढली जाते. उच्छ्वास मात्र विश्रांत अवस्थेत फुप्फुसांच्या लवचीकपणामुळे आपोआप घडतो. ज्या रुग्णास श्वास सोडण्यासाठी पोटाचे स्नायू आवळावे लागतात, त्याच्या लहान श्वासनलिका आकुंचित झालेल्या असतात. तमक श्वासाचा रुग्ण आडवा न होता पुढे वाकून बसतो व त्यामुळे त्यास आराम वाटतो, हे शास्त्रोक्त लक्षण येथे जुळते. हात टेकून बसल्यावर मान व खांद्यांचे साहाय्यक स्नायू श्वसनास उपयोगी पडतात.

निरोगी प्रौढ विश्रांत अवस्थेत मिनिटास १२ ते २० श्वास घेतो. अजपाजपाच्या संदर्भात योगपरंपरेत अहोरात्रातील २१,६०० श्वास सांगितले जातात. या संख्येस १,४४० मिनिटांनी भागल्यास मिनिटास १५ श्वास येतात, म्हणजे ती प्राकृत मर्यादेतच आहे.

प्रत्येक श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. त्यातील १५० मिलिलिटर नासिका ते श्वासनलिकांच्या मार्गातच राहते व वायूंच्या देवाणघेवाणीस उपयोगी पडत नाही. हा ‘मृत अवकाश’ ध्यानात घेतल्यास जलद श्वासाचा अर्थ नीट उमगतो. पुढील गणित पाहावे.

प्राकृत श्वसन : ५०० मिलिलिटर, मिनिटास १५ वेळा. एकूण हवा ७,५०० मिलिलिटर. वायुकोषांपर्यंत पोहोचणारी हवा ३५० गुणिले १५, म्हणजे ५,२५० मिलिलिटर.

उथळ व जलद श्वसन : २५० मिलिलिटर, मिनिटास ३० वेळा. एकूण हवा तेवढीच, ७,५०० मिलिलिटर. वायुकोषांपर्यंत पोहोचणारी हवा १०० गुणिले ३०, म्हणजे केवळ ३,००० मिलिलिटर.

दुसरा रुग्ण दुप्पट वेगाने श्वास घेत असला, तरी उपयोगी हवा त्यास जवळजवळ निम्मीच मिळते. शिवाय स्नायूंचे श्रम वाढतात ते वेगळेच. पुढे स्नायू थकले की श्वासगती मंदावते. अशा वेळी ‘धाप कमी झाली’ असे नातलगांस वाटते, परंतु गुंगी, निळसर ओठ व मंदावलेला श्वास एकत्र दिसल्यास ती सुधारणा नसून अत्यवस्थेची खूण होय.

श्वसनाचे नियमन मस्तिष्काच्या तळाशी असलेल्या केंद्राकडून होते. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला की हे केंद्र उत्तेजित होते. ऑक्सिजन बराच घटल्यास मानेतील धमन्यांजवळील संवेदक त्यास सूचना देतात. वाग्भटांनी प्राण वाताचे स्थान मूर्धा सांगितले असून त्याचा संचार उर व कंठात वर्णिला आहे. अध्यापनात हे साम्य अवश्य दाखवावे.

बालकांची श्वसनसंस्था

बालकाच्या श्वासनलिका अरुंद असतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली की सरळ संथ प्रवाहास होणारा विरोध सोळापट वाढतो. यामुळे थोड्याशा सुजेनेही बालक गुदमरते. त्याच्या फासळ्या जवळजवळ आडव्या व मऊ असतात, म्हणून त्यास श्वासाची खोली फारशी वाढविता येत नाही. गरज वाढली की ते श्वासांची संख्या वाढविते. फुप्फुस ताठर झाल्यावर मध्यपटलाच्या जोरदार ओढीने छातीचा मऊ खालचा भाग श्वास घेताना आत खेचला जातो. जलद श्वास व छाती आत ओढली जाणे ही बाल-फुप्फुसपाकाची दोन प्रमुख चिन्हे या रचनेतूनच उद्भवतात.

जागतिक आरोग्य संघटनेने खोकला वा श्वासकष्ट असलेल्या बालकासाठी जलद श्वासाच्या पुढील मर्यादा ठरविल्या आहेत.

२ महिन्यांहून लहान : मिनिटास ६० किंवा अधिक
२ महिने ते १२ महिन्यांच्या आत : ५० किंवा अधिक
१ वर्ष ते ५ वर्षे : ४० किंवा अधिक

मोजणीची पद्धत अशी. बालक शांत असावे, रडत वा दूध पीत नसावे. ते आईच्या मांडीवरच राहू द्यावे. अंगावरील कपडा वर करून छाती व पोट दिसू द्यावे. घड्याळ समोर धरून पूर्ण ६० सेकंद मोजावे. १५ सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण बालकाचा श्वास अनियमित असतो व एका श्वासाची चूक चौपट होते. २ महिन्यांहून लहान बालकात संख्या ६० वा अधिक आल्यास पुन्हा एकदा मोजून खात्री करावी.

गडचिरोलीचा धडा

हे एवढेसे निरीक्षण किती जीव वाचवू शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातीलच आहे. शिनोलीच्या पश्चिमेस जशा दुर्गम वाड्या आहेत, त्याहूनही दूरवर विखुरलेली गावे गडचिरोली जिल्ह्यात आहेत. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेमार्फत बालकांच्या फुप्फुसपाकावर क्षेत्रीय प्रयोग केला. गावातील आरोग्यदूत व दाया यांना श्वास मोजून फुप्फुसपाक ओळखण्यास व प्रतिजैविक देण्यास शिकविण्यात आले. ज्यांना मोठ्या संख्या मोजणे कठीण, त्यांच्यासाठी वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ व मणी असलेले श्वासमापक तयार केले गेले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी मणी संपले तर श्वास जलद समजावयाचा. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हा उपक्रम राबविलेल्या गावांत बालकांचे फुप्फुसपाकाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांच्या निम्म्याहून कमी आढळले.

पाटीवर अक्षर न गिरविलेल्या दाईस जे साधले, ते पदवीधर वैद्यास व परवानाधारक औषधविक्रेत्यास कठीण नाही. अडचण असते ती मिनिटभर थांबण्याची.

चुलीचा धूर व प्रौढ रुग्ण

श्वासकष्टाच्या प्रौढ रुग्णांत धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांकडे विशेष लक्ष द्यावे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील दीर्घकालीन श्वासमार्ग-अवरोधाचा परामर्श घेतला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड, गोवऱ्या इत्यादी इंधनांच्या धुरास सामोरे जाणारे सुमारे ३०० कोटी असल्याचे त्यांनी निदर्शनास आणले. गॅसजोडणी आलेल्या घरांतही पाणी तापविण्यास व भाकरीस चूल पेटते, आणि पावसाळ्यात दारे बंद असता धूर घरातच कोंडतो.

अशा स्त्रीस ‘दमा’ म्हणून एकाच चूर्णावर वर्षानुवर्षे ठेवू नये. ‘विडी ओढता का?’ या प्रश्नाबरोबर ‘चुलीपाशी किती वर्षे बसता?’ हेही विचारावे. वेगाने येणारे व मध्यंतरी पूर्ण शमणारे कष्ट तमक श्वासाकडे निर्देश करतात. श्रमाने वाढत जाणारी, कधीच पूर्ण न शमणारी धाप असल्यास श्वासक्षमतेची चाचणी करवावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या प्रत्येक रुग्णाची क्षयासाठी तपासणी शासकीय केंद्रात मोफत होते, तिकडे त्यास पाठविणे हे आपले कर्तव्य होय. चुलीची जागा बदलणे, धुरास वाट करून देणे, हा येथे निदानपरिवर्जनाचाच भाग आहे.

कोविडनंतर ऑक्सिमीटर घरोघर पोहोचले. त्याचा आकडा ९४ हून खाली आल्यास सावध व्हावे, ९० हून खाली आल्यास विलंब करू नये. मात्र बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या रुग्णाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला असता हे यंत्र खोटा चांगला आकडा दाखविते. विश्रांत प्रौढाचा श्वास मिनिटास २० हून अधिक असल्यास कारण शोधावे. ३० वा अधिक असल्यास रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्यांसाठी काही सूचना

१. ‘बाळाला खोकल्याचे औषध द्या’ असे म्हणणाऱ्यास औषध देण्यापूर्वी ‘बाळ सोबत आहे का?’ असे विचारावे व सोबत असल्यास श्वास मोजावा. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायइथिलीन ग्लायकॉलयुक्त खोकल्याच्या औषधाने बालके दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २ वर्षांखालील बालकांस सर्दीखोकल्याची औषधे न देण्याची सूचना दिली आहे.

२. १ वर्षाखालील बालकास मधाचे अनुपान सुचवू नये. मधातील जंतुबीजांमुळे त्या वयात घातक विषबाधा संभवते. सितोपलादी असो वा अन्य चूर्ण, अनुपान व मात्रा वैद्याने ठरवावी.

३. श्वासकुठार रसात बचनाग व मनःशिळा, कनकासवात धोतरा आहे. ही द्रव्ये औषधी कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत येतात. वैद्याच्या सल्ल्याविना ती देऊ नयेत. काचबिंदू वा मूत्रावरोध असलेल्या वृद्धांत धोतऱ्याविषयी विशेष दक्षता घ्यावी.

४. बालकाची छाती आत ओढली जाणे, स्तनपान वा पाणी न घेणे, सर्व उलटून पडणे, झटके, गुंगी, शांत असतानाही श्वास घेताना घरघर, तसेच २ महिन्यांहून लहान बालकाचा जलद श्वास, यांपैकी एकही आढळल्यास औषध न विकता रुग्णालयाचा मार्ग दाखवावा.

समारोप

अडुळसा, भुईरिंगणी, पिंपळी, बेहडा आणि आपल्या पश्चिम पट्ट्यात विपुल असलेला हिरडा ही श्वास-कासातील द्रव्ये गुणकारी आहेत. अडुळशातील व्हॅसिसीनपासूनच पुढे ब्रोमहेक्सीन हे आधुनिक कफविलयक द्रव्य विकसित झाले. परंतु औषधाचे यश रुग्णाच्या अवस्थेच्या ज्ञानावर अवलंबून असते. वायुकोष भरलेले असता लेहावर विसंबणे, अथवा साध्या कासात बलवान औषध योजणे, दोन्ही अयोग्यच. याकरिता प्रत्येक वैद्याने रुग्णपत्रिकेत श्वासगतीचा रकाना प्रत्यक्ष मोजून भरावा, आणि प्रत्येक औषधविक्रेत्याने सेकंदकाट्याचे एक घड्याळ व वरील वयोमर्यादांचा तक्ता गल्ल्याजवळ लावावा. यास खर्च नगण्य आहे. प्रत्येक रुग्णामागे एक मिनिट तेवढे द्यावे लागेल.